खोक्यावर कार्डाचं नाव लिहा: लॅपटॉप बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांमधली डिझाइन करणारी आणि सुटे भाग खरेदी करणारी मंडळी

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र लिहिताना टेबलावर तीन लॅपटॉप पालथे पडले आहेत, तिघांचीही पाठ उघडी. माझा त्यातला एकही नाही. एक भाचीचा, एक थोरल्या दिरांचा आणि तिसरा भाचीच्या मैत्रिणीचा. तक्रार तिघांची एकच, शब्दसुद्धा तेच: "नेट सारखं जातंय." मी इंजिनिअर नाही. घरी बसून भाषांतरं करते. पंधराएक वर्षांपूर्वी स्वतःच्या लॅपटॉपचा पंखा साफ करायला पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि तिथेच फसले. तेव्हापासून नात्यागोत्यातलं कुठलंही यंत्र आजारी पडलं की आधी माझ्याकडे येतं.

तिन्ही घरांत माझ्या आधी राउटर बदलून झाला होता. एका घरी इंटरनेट देणाऱ्यांशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं आणि शेवटी चिडून दुप्पट वेगाची योजनाही घेऊन झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. दोष तिन्ही ठिकाणी लॅपटॉपच्या पोटात निघाला. बरं, तो काही वीज पडल्यासारखा अचानक आला नव्हता. यंत्र कागदावर असतानाच कुणीतरी ठरवलं होतं की इथे एवढं पुरे. ते ठरवणारे तुम्ही, म्हणून पत्र तुम्हाला.

भाचीच्या लॅपटॉपपासून सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वी घेताना तिने पोरीबाळींना जमेल तेवढा अभ्यास केला होता. प्रोसेसर कुठल्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी कसली, स्क्रीनचा उजेड किती निट्स, की-बोर्डच्या मागे दिवा आहे की नाही. वाय-फायच्या रकान्यात लिहिलं होतं: "८०२.११एसी". बस, एवढंच. प्रोसेसरचं नाव तुम्ही पिढी, मालिका, शेपटीच्या अक्षरासकट लिहिता, त्याचा स्टिकर मनगट टेकतं तिथे चिकटवता, आणि तो पुढे वर्षभर घामाने सोलवटत राहतो. ज्या भागाशिवाय आज लॅपटॉप म्हणजे दिवे लागणारा टाइपरायटर, त्याच्या वाट्याला मात्र एक आकडा आणि दोन अक्षरं.

झाकण काढलं. नखाहून जरा मोठं कार्ड, एका स्क्रूने आडवं दाबलेलं. त्याच्या कडेला वायर बसवण्याच्या दोन जागा छापलेल्या. एका जागी सोनेरी गोल जोड आणि त्यावर काळी वायर. दुसऱ्या जागी जोड बसवलेलाच नाही, नुसते सोल्डरचे चकचकीत ठिपके. पांढरी वायर शोधली, ती मुळात ओढलेलीच नव्हती. म्हणजे एकच अँटेना. या बोलीत 'वन बाय वन'.

आता ८०२.११एसी म्हणजे २०१३ साली मंजूर झालेलं वाय-फायचं मानक. त्यात ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर एका अँटेनाला मिळणारा जास्तीत जास्त जोडणीवेग सेकंदाला ४३३ मेगाबिट, दोन अँटेनांना ८६७. हे कागदावरचे आकडे. हवेत बोलताना एकमेकांची पाळी बघावी लागते, पोच द्यावी लागते, त्यामुळे प्रत्यक्ष हातात पडतं ते साधारण निम्मं. पण मला वेगाचं तितकं नाही वाटत. व्हिडिओ कॉलला असा कितीसा वेग लागतो? खरं नुकसान दुसरं आहे. खोलीत रेडिओलहरी भिंतींवर, कपाटावर, माणसांवर आपटून परत येतात आणि एकमेकींना काही जागी वाढवतात, काही जागी खोडून टाकतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. म्हणून लॅपटॉप वीतभर सरकवला की रेंज येते किंवा जाते. स्क्रीनच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन अँटेना असले, तर एक अशा खड्ड्यात सापडला तरी दुसरा बहुधा कोरड्यावर असतो, आणि कार्ड दोघांचं ऐकून एक नीट वाक्य जुळवतं. एकाच अँटेनाच्या लॅपटॉपला ही सोय नाही. भाची मागच्या खोलीत बसून मुलाखत देत होती आणि तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटत होता, त्याचं कारण हे. तिच्याच शेजारी पडलेल्या फोनवर त्याच राउटरवरून सगळं सुरळीत चालू होतं. आडात पाणी काठोकाठ, पोहराच फुटका.

दुसऱ्या अँटेनाची वायर आणि थोडं महाग कार्ड, एवढ्यात हे टळलं असतं. खरेदी विभागातल्या मंडळींनो, लाखभर नग गुणिले थोडेसे पैसे हा हिशेब मला कळतो. कळत नाही ते हे, की तो हिशेब गिऱ्हाइकापासून लपवता का. रॅम कमी घातली तर लिहिता ना? स्क्रीन फिकी असली तरी निट्स छापता. अँटेना एक की दोन, हे छापायला कितीशी शाई लागेल?

यात आणखी एक मेख आहे. एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात. ज्या महिन्यात जे मिळालं ते बसवलं. बारीक अक्षरांत "भाग बदलू शकतात" असं लिहून तुम्ही मोकळे होता. मग कुणीतरी परीक्षण वाचून, मित्राचा वापरून बघून, विचारपूर्वक तोच लॅपटॉप घेतो आणि त्याच्या नशिबी निराळंच कार्ड येतं. लॉटरीच म्हणायची.

नावांचा घोळ कमी करायला २०१८ साली वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने पिढ्यांना सोपे आकडे दिले: ८०२.११एन ला ४, एसी ला ५, एएक्स ला ६. चांगलं केलं. पण तुम्ही त्या आकड्याचीही पाटी करून टाकलीत. 'वाय-फाय ६' असं लिहिलेलं कार्ड एका अँटेनाचं असू शकतं किंवा दोनाचं, ८० मेगाहर्ट्झपाशी थांबणारं असू शकतं किंवा १६० पर्यंत जाणारं. दोन अँटेना आणि ८० ला १२०१ मेगाबिट, तेच १६० ला २४०२. पाटीवर दोघंही 'वाय-फाय ६'. आणि जुन्या काळात तर "८०२.११ बी/जी/एन" अशी तीन अक्षरं दिमाखात छापलेली असायची. ती भरगच्च यादी वाचून माणसाला वाटायचं बरंच काही मिळालं. त्यात ५ गिगाहर्ट्झ नाही, लॅपटॉप कायम २.४ च्या गर्दीत उभा राहणार आहे, हे त्या अक्षरांवरून ओळखायला आधीच माहीत असावं लागायचं. तिथे शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, चालू असेल तेव्हा मायक्रोवेव्हसुद्धा. चॅनेल म्हणायला तेरा, पण एकमेकांच्या अंगावर न पडणारे तीनच: १, ६ आणि ११.

दुसरा लॅपटॉप थोरल्या दिरांचा. हा चांगला, दोन अँटेनांचा. राउटरच्या खोलीत नेट धो धो, शेजारच्या खोलीत शून्य. महिनाभरापूर्वी बॅटरी बदलून आणली होती, हे त्यांनी सगळं सांगून झाल्यावर, चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं. माणसं डॉक्टरलाही असंच सांगतात. झाकण उघडलं तर दोन्ही वायरी कार्डापासून सुटून बॅटरीवर पहुडलेल्या. राउटर तीन हातांवर असेल तर वायर नसतानाही कार्ड चार शब्द ऐकतं, म्हणून जवळ चालत होतं.

ही वायर परत बसवणं काय असतं, ते तुमच्यातल्या प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं. टोकाला दीड-दोन मिलिमीटर व्यासाची टोपी. ती कार्डावरच्या तेवढ्याच कड्यावर बरोबर मधोमध धरायची आणि वरून सरळ दाबायची. नीट बसली तर एक अगदी बारीक 'टिक' असा खटका बोटाला जाणवतो, कानाला नाही. केसभर तिरकी दाबली तर टोपीची कड चपटी होते आणि मग ती कधीच धरत नाही. मी चिमट्याने धरते, नखाने दाबते, श्वास रोखते आणि सहाव्या प्रयत्नाला जमतं. जुन्या मिनी-कार्डांवरचा यू.एफएल नावाचा जोड तीसेक वेळा काढ-घाल सोसेल असा बनवलेला असायचा. हल्लीच्या एम.२ कार्डांवरचा त्याहूनही इवला आहे. तक्रार तो इवला असल्याची नाही. जागा कमी आहे, मान्य. पण बॅटरी बदलण्याच्या वाटेत त्या वायरी का याव्यात? कार्डावर एक साधी पट्टी स्क्रूने दाबली तर टोप्या उडत नाहीत. काही लॅपटॉपांत ती असते, म्हणजे करता येतं. दिरांच्या लॅपटॉपमध्ये नव्हती.

आणि अँटेनाच्या जागेविषयी. बऱ्याच लॅपटॉपांत तो स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, ही जागा उत्तम, उंच आणि मोकळी. पण वायर बिजागरीतून जाते आणि झाकण दिवसातून वीस वेळा उघडतं-मिटतं. काही जण अँटेना खाली, बिजागरीजवळ किंवा तळाशी ठेवतात, मग मांडीवर लॅपटॉप घेतला की माणूसच आडवा येतो. वर सगळ्यांना धातूचं अंग हवं. धातूच्या डब्यात रेडिओ कोंडला की काय होतं, याचा धडा २००१ मध्येच मिळाला होता. ॲपलचं टायटॅनियमचं पॉवरबुक दिसायला देखणं, पण त्याची बिनतारी रेंज आधीच्या प्लास्टिकच्या भावंडांपेक्षा कमी, अशी त्याची ख्यातीच झाली. तेव्हापासून धातूच्या अंगात प्लास्टिकची खिडकी ठेवायची रीत आली. रीत आहे, पण खिडकी दर वर्षी बारीक होत चालली आहे, कारण फोटोत ती दिसलेली तुम्हाला खपत नाही.

ॲपलचं नाव निघालंच आहे तर त्यांचीच एक चांगली गोष्टही सांगते. १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्सने आयबुक हा लॅपटॉप दाखवला आणि वायर कुठेच नाही हे पटवायला तो उचलून धरून त्याभोवतीने कडं फिरवलं. सगळ्यांना ते कडं आठवतं. मला त्या यंत्राचा की-बोर्ड आठवतो. दोन खिट्या सरकवल्या की तो उचलला जायचा आणि खाली वाय-फायचं कार्ड घालायची खाच असायची. अँटेना आधीच आत घातलेला. कार्ड आज परवडत नसेल तर पुढच्या वर्षी घ्या, घरीच घाला. त्याआधीच्या लॅपटॉपांना कडेच्या खाचेत पत्त्याएवढं पीसीएमसीआयए कार्ड खुपसावं लागायचं, अर्ध बाहेर डोकावणारं, येता-जाता कोपर लागणारं. ओबडधोबड होतं, पण बिघडलं तर उपटून दुसरं घालता यायचं.

तिथून आपण कुठे आलो ते तिसऱ्या लॅपटॉपमध्ये बघा. भाचीच्या मैत्रिणीचा, अंगाने सडपातळ, वजन नाहीच. वाय-फाय एके दिवशी गायब. सेटिंगमध्ये बटणच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव नाही, जणू या यंत्राला कधी वाय-फाय नव्हतंच. उघडून बघते तर कार्डच नाही. बारा बाय सोळा मिलिमीटरची चकती थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली. सुटं एम.२ कार्ड बावीस बाय तीस असतं. म्हणजे वाचली किती जागा? एका नखाची. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्याच मदरबोर्डवर रॅमही चिकटलेली. म्हणजे यंत्राचं काळीजच बदला, कारण कान गेला. ती पोरगी आता यूएसबीचा इवलासा वाय-फाय डोंगल लावून काम भागवते. एका बाजूला डोंगल, शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क.

आणि म्हणून तिचं नेट "सारखं जातंय". हार्ड डिस्क लावली की जातं, काढली की येतं. तिला वाटलं आपल्याला भास होतोय. भास नाही. यूएसबी ३ ची केबल आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट सांडतात, हे इंटेलने २०१२ साली स्वतःच मोजून प्रसिद्ध केलं आहे. बिनतारी माउस अडखळतो, डोंगल बहिरा होतो. उपाय सोपा: डोंगल वीतभर लांबीच्या एक्स्टेंशन केबलवर दूर न्यायचा, केबल चांगल्या आवरणाची घ्यायची किंवा ५ गिगाहर्ट्झवर जायचं. तिला मी केबल दिली. पण दोन पोर्ट एकमेकांना खेटून आणि तेही एकाच कडेला, ही आखणी कुणाची? हे २०१२ पासून छापील आहे आणि तुमच्या इंजिनिअरांनी वाचलेलं नसेल, असं मी मानत नाही.

सुटं कार्ड असलं तरी ते बदलू द्यायचं नाही, हीसुद्धा तुमच्यातल्या काहींची एकेकाळची युक्ती. माझ्या स्वतःच्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये मी हौसेने नवं कार्ड घातलं. यंत्र सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एक ओळ: अनधिकृत नेटवर्क कार्ड, काढा आणि बंद करा. पुढे जाईना. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी भरून ठेवलेली होती आणि माझं बिचारं कार्ड त्या यादीत नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, त्या काळी हे एकट्या तिचं कर्तृत्व नव्हतं. कारण सांगितलं जायचं की रेडिओचे नियम आहेत, कार्ड आणि अँटेना यांची एकत्र तपासणी होते. त्यात थोडं तथ्य आहेही. पण तुमच्याच दुसऱ्या मॉडेलमध्ये चालणारं तेच कार्ड इथे अनधिकृत कसं, याचं उत्तर रेडिओच्या नियमांत नाही. या याद्या हल्ली बऱ्याच कमी झाल्या, त्याबद्दल आभार. त्यांच्या जागी दुसरी गंमत आली आहे. काही कार्डांचा मेंदू आता प्रोसेसरच्या बाजूला गेला आणि कार्डावर नुसता रेडिओ उरला. इंटेलचं एएक्स२१० आणि एएक्स२११ शेजारी ठेवा: आकार तोच, खाच तीच, नावात एकाचा फरक. पहिलं संपूर्ण कार्ड, दुसरं त्याच कंपनीच्या ठरावीक प्रोसेसरांशिवाय मुकं. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत यातलं कुठलं चालेल ही एक ओळ असती तर किती जणांची परतपाठवणी वाचली असती.

आता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. इथे मला थोडं रागावू द्या.

मागच्या वर्षी एका नातेवाइकांच्या लॅपटॉपची एसएसडी गेली. नवी घातली, विंडोज टाकली. रात्रीचे साडेअकरा. सेटअपने विचारलं, नेटवर्कला जोडा. यादी रिकामी. का, तर या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही. ड्रायव्हर कुठे मिळेल? तुमच्या वेबसाइटवर. वेबसाइट कशी उघडायची? नेटवर्कला जोडा. विंडोज ११ होमला पहिल्या सेटअपला इंटरनेट लागतंच, आणि केबल लावावी तर लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, कारण तेही तुम्ही जाडी कमी करायला काढून टाकलंत. कुलूप पेटीला आणि किल्ली पेटीत. शेवटी फोन यूएसबी केबलने जोडला, फोनचं टेदरिंग चालू केलं, आणि फोनचं इंटरनेट लॅपटॉपने लॅन समजून बिनतक्रार घेतलं. ही युक्ती ज्यांना ठाऊक नाही त्यांनी काय करावं? कुणाला तरी पैसे द्यावेत. वाय-फायचा ड्रायव्हर काही मेगाबाइटचा असतो. तो बायोसच्या चिपवर किंवा खोक्यातल्या कार्डावरच्या क्यूआर कोडमागे... नाही, क्यूआर कोड नको, तोही परत इंटरनेटच मागेल. बघा, लिहिता लिहिता मीसुद्धा त्याच विहिरीत पडत होते.

तुमच्या सपोर्ट पानावरचा ड्रायव्हर पुष्कळदा लॅपटॉप बाजारात आला त्या महिन्यातला असतो, तो तसाच सुकत पडलेला. चिप बनवणाऱ्याने मधल्या काळात दहा आवृत्त्या काढलेल्या असतात. हा नुसता आळस नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या कुलपातली 'क्रॅक' नावाची भेग उघड झाली तेव्हा दुरुस्ती करायची होती ती मुख्यतः लॅपटॉप-फोनांच्या बाजूला, राउटर बदलून भागणार नव्हतं. ज्यांची दुरुस्ती आली नाही ते तसेच राहिले.

झोपेबद्दल थोडक्यात. झाकण मिटवलं, दोन तासांनी उघडलं, वाय-फाय नाही. रीस्टार्ट केला की आलं. हे इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढली की पुष्कळांचं दुखणं थांबतं. मग ती खूण मुळात तुम्ही घालून का पाठवता? बॅटरी अमुक तास चालते असं जाहिरातीत लिहिता यावं म्हणून, दुसरं काय.

त्यापेक्षा ज्याची कुणाला कल्पनाच नसते ते सांगते. मोठ्या घरात दोन-तीन राउटर किंवा मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या राउटरांचं जाळं, बसवलेलं असतं. लॅपटॉप घेऊन माणूस पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जातो. मागचा राउटर डोक्यावर लटकतोय, तरी लॅपटॉप पुढच्याच राउटरला चिकटून बसतो आणि रडतो. लोक म्हणतात मेश फालतू आहे. पण एक राउटर सोडून दुसरा धरायचा निर्णय राउटर घेत नाही, लॅपटॉपमधलं कार्ड घेतं. राउटर फार तर सुचवू शकतो. काही कार्डांच्या प्रगत सेटिंगमध्ये 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' नावाची पाच पायऱ्यांची कळ असते, मुळात मधल्या पायरीवर ठेवलेली. ती एक पायरी वर नेली तर हे चिकटणं बरंच कमी होतं. मी ती चार क्लिकांच्या खोल तळघरातून शोधून काढली. सामान्य माणूस तिथे कशाला जाईल?

तो जातो कोपऱ्यातल्या त्या पंख्याच्या आकाराच्या चिन्हाकडे. तीन रेघा भरल्या की खूश. या रेघांना एकच असं माप कुठेच नाही. तुमच्या तीन रेघा आणि दुसऱ्याच्या तीन रेघा निराळ्या. आत खरा आकडा असतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे छान, उणे ७० च्या आसपास व्हिडिओ कॉल कुरकुरायला लागतो, उणे ८० च्या पलीकडे नुसता जीव धरून असतो. दर १० चा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दहापट कमी. हा आकडा चिन्हावर बोट ठेवल्यावर दिसला तर काय बिघडेल? लोकांना तापमान कळतं, रक्तदाब कळतो, हेही कळेल.

आमच्याही चुका आहेत, त्या झाकत नाही. राउटर टीव्हीच्या मागे कोंबतो, लोखंडी कपाटावर ठेवतो, माशांच्या टाकीशेजारीसुद्धा ठेवतो (पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी मोठ्या आनंदाने पिऊन टाकतं). ते आम्ही सुधारू. पण राउटर हलवता येतो. सोल्डर केलेली चिप हलवता येत नाही.

मागणं तसं फार नाही. खोक्यावर आणि वेबसाइटवर कार्डाचं पूर्ण नाव छापा, अँटेना किती, चॅनेल किती रुंद, कुठले पट्टे, हे त्याच ओळीत. मधेच कार्ड बदललंत तर मॉडेलच्या नावातही बदल करा. कार्ड खाचेत ठेवा, सोल्डर करू नका. लॅपटॉप खरंच कागदाएवढा पातळ असेल तर तसं ठळक लिहा, म्हणजे ज्याला नको तो घेणार नाही. ड्रायव्हर यंत्रातच कुठेतरी असा ठेवा की डिस्क बदलली तरी सापडेल. चार्जरच्या बाबतीत तुम्ही आपणहून शहाणे झाला नाहीत. युरोपीय संघाला कायदा करावा लागला, फोनना २०२४ च्या डिसेंबरपासून आणि लॅपटॉपना २०२६ च्या एप्रिलपासून एकच यूएसबी-सी. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीच्या सोयीचे गुण छापावे लागतात. त्याच साली फ्रेमवर्क नावाच्या एका नव्या कंपनीने वाय-फाय कार्डसुद्धा गिऱ्हाइकाला बदलता येईल असा पातळ लॅपटॉप विकायला काढला. तेव्हा जमत नाही असं सांगू नका.

धाकट्या भाच्याला या महिन्यात लॅपटॉप घ्यायचा आहे. काल त्याने पाच मॉडेलची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, यातला कुठला घेऊ? नेट जाणारा नको." पाचही माहितीपानं शेवटपर्यंत वाचली. तीन ठिकाणी नुसतं 'वाय-फाय ६', एका ठिकाणी 'वाय-फाय', आणि एका ठिकाणी 'अतिजलद वायरलेस'. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
तीन उघड्या लॅपटॉपांची तात्पुरती मालकीण

ता. क. पूर्वी लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वाय-फायचा एक छोटा दिवा असायचा. चालू असला की निळा, बंद झाला की विझलेला किंवा नारिंगी. शेजारी सरकवायचं बटणही असायचं, ते चुकून सरकायचं आणि तासभर गोंधळ व्हायचा. ते गेलं ते बरंच झालं. दिवा मात्र परत द्या. दिरांना फोनवर "दिवा लागलाय का?" एवढं विचारता आलं, तर माझी निम्मी संध्याकाळ वाचेल.